नुसतं बघायला जाण्याचा व्हिसा

पर्यटक हा शब्द कानावर पडला की मला अजून शिसारी येते. अख्खा जन्म काशीत गेला, तोही दूधविनायकाच्या गल्लीत, तेव्हा ही जमात मला नवी नाही. आई पंचगंगा घाटावर अंघोळ करून ओलेत्यानं पायऱ्या चढत वर यायची आणि समोर अर्ध्या चड्डीतला कुणीतरी गोरा डोळ्याला कॅमेरा लावून उभा असायचा. आई पदर ओढून घ्यायची, तर मेला आणखी दोन पायऱ्या खाली उतरायचा. एकदा मी त्याच्या अंगावर धावून गेले तेव्हा नावाडी खो खो हसत म्हणाले, "अरे दीदी, फोटो ही तो ले रहा है, कुछ ले थोड़े जा रहा है." आई मात्र शांतपणे म्हणाली, "यांच्या देशात अंघोळी करत नाहीत काय गं? एवढं काय बघतो मेला?"

मणिकर्णिकेला तर विचारूच नका. नावेत बसून शेंगा सोलत सोलत माणसं जळताना बघायची. कुणाचा बाप जळतोय, कुणाची आई, आणि हे एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवतायत. असं बघायला यायला यांना व्हिसा लागतो आणि तो मिळतोसुद्धा, हे मला फार उशिरा कळलं. त्या व्हिसाला पर्यटक व्हिसा म्हणतात. नव्वदच्या दशकात माझ्या आईवर तोच व्हिसा मागायची पाळी आली, तेव्हा मला त्याची सगळी कुळकथा पाठ झाली.

आमचे वडील वेदपाठशाळेत शिकवायचे. नागपूरला एका यज्ञाला निघाले आणि नदीपलीकडे मुगलसरायच्या फलाटावर, गाडीची वाट बघताना, बसल्या बाकावरच गेले. चार पिढ्या काशीत राहिलेल्या घरातल्या माणसाला मरण यावं ते नदीपलीकडे! आईनं त्यांच्या जाण्याचं दुःख केलंच, पण काशी हुकल्याचं दुःख जास्त केलं. त्यानंतर तिनं मनाशी एकच गोष्ट धरली, की मी मात्र इथेच मरणार. आमच्यात जुनी माणसं क्षेत्रसंन्यास घेतात. म्हणजे हातात गंगेचं पाणी घेऊन संकल्प सोडायचा, की आता मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडणार नाही. आईला तो कार्तिकात घ्यायचा होता. गुरुजींशी बोलणंही झालं होतं. तोवर ती आपल्या परीनं सांभाळून होतीच. नदीपलीकडे रामनगरला माझी मावशी राहते. आई तिच्याकडे हळदीकुंकवाला, बारशाला जायची, पण दिवस मावळायच्या आत नावेत बसून परत यायची. मावशी रागवायची, "एक रात्र राहिलीस तर काय वाघ खाईल का?" आई म्हणायची, "वाघानं खाल्लेलं चालेल, पण अलीकडे खाऊ दे." पलीकडे मेलं की गाढवाचा जन्म मिळतो अशी आमच्याकडची समजूत, आणि आई ती अक्षरशः खरी मानायची.

तिचं पोट ती स्वतः भरायची. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना जेवण करून घालायची. आमटी, भात, पोळी, कधी पुरण. माझं लग्न गल्लीतच झालं, माहेर आणि सासर यांच्यात एक वळण, म्हणून शाळा सुटली की मी तिच्याकडेच असायची. मुलींना शिकवून शिकवून माझा घसा आणि स्वभाव दोन्ही बिघडलेले. ताई मात्र लग्न होऊन परदेशी गेली. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. घ्यावंसंच वाटत नाही.

ताईची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी दिवस राहिले आणि तिथल्या डॉक्टरनं तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. भावोजी पाळीवर कामाला जात. घरात तिसरं माणूस नाही, शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. आमच्या घरी फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडे तिचा फोन यायचा आणि तो खिडकीतून ओरडायचा, "माताजी, बिलायत!" आई पोळ्या टाकून, पिठाच्या हातानं पळायची. एका दुपारी फोनवर ताई एवढंच म्हणाली, "आई, तू ये. मला भीती वाटते." आईनं फोन ठेवला, हाताचं वाळलेलं पीठ खरवडत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जायला हवं गं."

"आणि तुझी काशी?" मी विचारलं.

"दोन-तीन महिने जीव धरून ठेवीन," ती म्हणाली. "बाळंतपण आटपून येईन आणि मग संकल्प सोडीन. विश्वनाथाला काय, घाई थोडीच आहे." बोलून ती हसली, पण तिला हे किती अवघड जात होतं ते मला दिसत होतं. विमानात काही झालं तर? तिथल्या थंडीत काही झालं तर? वडिलांनी तर नुसती नदीच ओलांडली होती.

लहुराबीरच्या चौकात एक ट्रॅव्हलवाला होता. गल्लीतल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं, त्याच्या तोंडात किडे पडोत. टेबलावर काच, काचेखाली विमानाची चित्रं, आणि गालात पान. पासपोर्ट त्यानं काढून दिला, एवढं पुण्य त्याच्या खात्यावर. मग विचारलं, कसला व्हिसा हवा. मी म्हटलं, कसले कसले असतात? तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बहुत तरह के होते हैं बहनजी, पर आप उस चक्कर में मत पड़िए. टूरिस्ट. आँख मूँद के टूरिस्ट."

मी म्हटलं, अहो, ही लेकीच्या बाळंतपणाला चाललीय. त्यानं पिंक टाकली आणि हात जोडले. "डिलीवरी का नाम मुँह से मत निकालिएगा. सोचेंगे आया का काम करने जा रही हैं. कहिए, घूमने जा रही हैं. घूमने में किसी को आपत्ति नहीं होती."

आई अवघडून स्टुलावर बसली होती. तिनं मला मराठीत विचारलं, "घूमने म्हणजे यात्रेला का?"

"यात्रा नाही गं. नुसतं बघायला."

"नुसतं बघायला? आणि बघून काय करायचं?"

आयुष्यभर जिनं पदर ओढून ओढून कॅमेऱ्यांपासून अंग लपवलं, तिला आता आम्ही पर्यटक करायला निघालो होतो. त्या माणसानं एका कागदावर त्या देशातल्या बघण्यासारख्या जागांची यादीच काढून दिली. राजवाडा, मोठं घड्याळ, पूल, संग्रहालय, बाग, आणखी एक राजवाडा. म्हणाला, हे माताजींना पाठ करवून घ्या, खिडकीवर विचारतात.

पाठ करणं! हे आमच्या घराला कुणी सांगायला नको होतं. वडील मुलांना संथा देत तेव्हा आई स्वैपाकघरातून ऐकायची. संथा म्हणजे गुरूनं एक चरण म्हणायचा, शिष्यानं तो पुन्हापुन्हा म्हणायचा, क्रम हलू द्यायचा नाही, आणि मध्ये अडलं तर आरंभापासून. आईनं ती यादी अगदी तशीच पाठ केली. भाकरी थापता थापता एका सुरात चालायचं, राजवाडा, घड्याळ, पूल, संग्रहालय. जेवायला बसलेले यात्रेकरू हात थांबवून विचारायचे, आजी, हे कुठलं स्तोत्र? मला हसू येत होतं आणि त्या पानवाल्या तोंडाचा राग येत होता, दोन्ही एकदम.

गल्लीलाही ऊत आला. जो तो शहाणा. एक काकू म्हणाल्या, सोन्याच्या पाटल्या घालून जा, श्रीमंत दिसलं पाहिजे. दुसऱ्या म्हणाल्या, छे, सोनं घातलं तर पळून चाललीय वाटेल. एक रिटायर्ड मास्तर, जे कधी अलाहाबादच्या पलीकडे गेले नाहीत, ते इंग्रजांशी नजर कशी भिडवायची ते आईला शिकवून गेले. ताईची तब्येत कशी आहे, हे एकानंही विचारलं नाही. वीट आला मला त्या ओटीवरच्या वर्दळीचा.

दिल्लीला निघताना आईनं कमरेला तुळशीची पानं पुरचुंडीत बांधली आणि पिशवीत गंगाजलाची छोटी बाटली ठेवली. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "वाटेत काही झालं तर तोंडात घाल. तुझ्या वडिलांच्या वेळी कुणी नव्हतं." तिला त्या फलाटाकडे बघायचंसुद्धा नव्हतं, म्हणून मी मुगलसरायची गाडी टाळून काशीतल्याच कँट स्टेशनवरून लखनौमार्गे जाणारी गाडी घेतली. वेळ जास्त लागला. लागू दे.

वकिलातीबाहेर फुटपाथवर रांग. ऊन असं, की पाय भाजावेत. म्हातारीकोतारी माणसं, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, पंजाबातले बापे, सगळे छातीशी कागद धरून उभे. दंडुका घेतलेला शिपाई आपलाच, आपल्याच रंगाचा, आणि माणसांवर असा खेकसत होता की गुरंसुद्धा बिथरली असती. पाणी कुठे मिळेल विचारलं तर म्हणतो, "यहाँ धर्मशाला नहीं खुली है." एवढ्यात एक गोरा मुलगा आला, पाठीला पिशवी, गळ्यात रुद्राक्षांची माळ. शिपायानं त्याला सलाम ठोकला आणि बाजूचं दार उघडलं. पंचगंगेच्या पायऱ्यांवर आईसमोर उभा राहणारा तो हाच, असं मला क्षणभर वाटलं. तो नसणार, पण मला तसंच वाटायचं होतं.

आत काचेची खिडकी. पलीकडे साहेब, त्याच्या शेजारी दुभाषी बाई, नखं रंगवलेली, दिल्लीचीच. मला शेजारी उभं राहू दिलं, पण बोलायचं नाही अशी तंबी. साहेबानं विचारलं, कशाला चाललात? आई म्हणाली, घूमने. काय बघणार? आईनं डोळे अर्धे मिटले आणि सुरू केलं, राजवाडा, घड्याळ, पूल. साहेबानं मध्येच विचारलं, कुठला पूल? आई थांबली. संथा तुटली. तिनं पुन्हा आरंभापासून धरलं, राजवाडा, घड्याळ. साहेबानं पुन्हा अडवलं, घड्याळ का बघायचंय तुम्हाला? आईनं पुन्हा राजवाड्यापासून सुरुवात केली. दुभाषी बाई तोंडावर रुमाल धरून हसत होती. मला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटत होतं. त्यात साहेबाला कागदावर दिसलं, की मुलगी तिथेच राहते. मुलीबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, असं तो म्हणाला. आईनं खाली बघितलं. त्या पानवाल्या ट्रॅव्हलवाल्यानं डिलीवरीचं नाव काढू नका सांगितलं होतं ना.

मग त्यानं तो प्रश्न विचारला. तुम्ही परत याल याची खात्री काय? घर नावावर आहे? नोकरी? बँकेत काही?

आईचं तोंड उजळलं. सकाळपासून पहिल्यांदा तिला येत असलेला प्रश्न आला होता. या प्रश्नाला कुणी तिला काही पढवलं नव्हतं, कारण पढवायची गरजच नव्हती. ती त्या काचेजवळ झाली आणि म्हणाली, "लौटूँगी कैसे नहीं, साहब? मरना तो मुझे काशी में ही है."

सांगा, यापेक्षा मोठी हमी जगात कुणी देऊ शकेल? घर विकता येतं, नोकरी सोडता येते. पण जिला काशीत मरायचंय ती बाई तुमच्या राजवाड्यात कशाला राहील? कुठल्याही बनारसी रिक्षावाल्याला हे सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावली असती. दुभाषी बाईनं इंग्रजीत सांगितलं, म्हणते आहे, मरायला परत यायचंय. साहेबाचा चेहरा बदलला. त्यानं पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, तुम्हाला काही आजार आहे का?

मी तोंड उघडलं तर दारातल्या शिपायानं डोळे वटारले. आईला वाटलं साहेबाला अजून पटलेलं नाही. पटवायला हवं म्हणून ती उत्साहानं म्हणाली, तयारी सगळी झालीय, नेसवायचं लुगडं धुऊन ठेवलंय, गंगाजल तर हे बघा बरोबरच आहे. आणि तिनं ती बाटली काचेला टेकवून दाखवली. दुभाषी बाईनं तेही भाषांतर करून सांगितलं.

व्हिसा नाकारला. कारण लिहून दिलं, की प्रवासाचा उद्देश खरा वाटत नाही आणि अर्जदाराच्या प्रकृतीबद्दल शंका आहे. शंका! त्या बाईनं आदल्या आठवड्यात एकटीनं एका अख्ख्या वारकरी दिंडीचा स्वैपाक केला होता.

परत आल्यावर ताईचा फोन आला. मी सांगितलं ते ऐकून ती जी भडकली, की एसटीडीवाल्यालाही बूथच्या बाहेर ऐकू गेलं. "मरणाचं कसं सुचलं तिला तिथे? मी इथे एक जीव वाचवायला पडून राहिलेय आणि हिला मरायचं पडलंय! तिला सांग, तिला माझ्यापेक्षा काशी प्यारी आहे." मी ते सांगणारच नव्हते. पण आई मागेच उभी होती आणि ताईचा आवाज मोठा होता. घरी येऊन आईनं भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा.

दोन-चार दिवसांनी भावोजींचा फोन आला. ते तिथे कुणाला तरी भेटून चौकशी करून आले होते. म्हणाले, पर्यटक व्हिसा मागायला कुणी सांगितलं तुम्हाला? नातेवाइकांना भेटायला जाण्याचा वेगळा व्हिसा असतो. गरोदर मुलीला भेटायला आई येते, यात लपवण्यासारखं काय आहे? डॉक्टरची चिठ्ठी जोडायची, आम्ही बोलावलंय असं लिहायचं, की झालं. खरं सांगितलं असतं तर पहिल्याच फेरीत काम झालं असतं. हे ऐकून मी तडक लहुराबीरला गेले. पानवाला तोंड भरून म्हणाला, "देखिए बहनजी, किस्मत की बात है." त्याच्या काचेखालची ती विमानं ओढून फाडावीत असं मला वाटलं. थुंकण्याचा मान त्याच्याकडेच होता, नाहीतर मीच थुंकले असते.

पण आता एक अडचण होती. आधीचा नकार नव्या अर्जात सांगावा लागतो, आणि आई काय बोलली ते त्यांच्याकडे लिहिलेलं. भावोजींनी फोनवर बजावलं, त्या मरणाच्या गोष्टीबद्दल विचारतील. आईंना सांगा, म्हणावं तसं काही नाहीये. मी म्हटलं, हे मी तिला सांगणार नाही, मला जमायचं नाही. त्यांनी आईला फोनवर बोलावून स्वतःच सांगितलं. आई ऐकत होती, "बरं" म्हणत होती. दर वेळी तोच "बरं", वर नाही, खाली नाही.

दुसऱ्या खेपेला साहेब वेगळा होता. मऊ, हसरा, नमस्ते म्हणणारा. त्याच्याबद्दल मला पहिल्यापेक्षा जास्त घृणा आहे. डॉक्टरची चिठ्ठी बघून तो म्हणाला, मुलीला तुमची गरज आहे, मी समजू शकतो. दुभाषी बाई तीच, नखांचा रंग नवा. मग त्यानं जुना कागद काढला आणि अगदी अदबीनं विचारलं, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की मरायला परत यायचंय. ते नेमकं काय होतं?

मला राहवलं नाही. तंबी गेली खड्ड्यात. मी इंग्रजीत सुरू केलं, की ही आमची श्रद्धा आहे, काशीत मरण म्हणजे… आईनं माझ्या दंडाला हात लावला. आई त्या काचेकडे सरळ बघत म्हणाली, "वो तो पुराने लोग कहते हैं, साहब. मैं नहीं मानती."

साहेब म्हणाला, म्हणजे काशीतच मरायचं असं तुमचं काही नाही?

"नहीं साहब. कहीं भी चलेगा."

दुभाषी बाईनं सांगितलं. साहेबानं हसून मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. चहाच्या टपरीवर उभं राहून विचारावं तसं त्यानं विचारलं होतं, आणि आईनं आयुष्यभर मुठीत धरलेलं त्याच्या पुढ्यात सोडून दिलं होतं. कुणासाठी सोडलं ते मला कळत होतं. ताईसाठी. पण ते मागून घेण्याचा हक्क त्या टायवाल्याला कुणी दिला? आमच्या घाटावर त्यांची माणसं येतात, तेव्हा त्यांना कुणी विचारतं का, की तुमचा देव खोटा आहे असं म्हणा आणि मग फोटो काढा?

व्हिसा मिळाला. बाहेर कडुनिंबाखाली एक नळ होता. आई तिथे गेली आणि चूळ भरली. पुन्हा भरली. मी पिशवीतून गंगाजलाची बाटली काढून पुढे केली तर तिनं मान हलवली. "राहू दे ती," म्हणाली.

आई विमानानं ताईकडे गेली. ताईला मुलगी झाली, धडधाकट. आईनं तिला तेल लावलं, न्हाऊ-माखू घातलं, डिंकाचे लाडू करून ताईला खायला घातले आणि थंडीत बाळंतिणीच्या खोलीला धुरी दिली, तर घरातली ती आगीची घंटा ठणाणा वाजायला लागली, असं ताईच सांगत होती. फोनवर ताई हसत होती. कितीतरी वर्षांनी हसत होती. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि आईचा आवाज, "अगं, फोन ठेव, पोर भुकेलंय."

ती परत आली तेव्हा गल्ली जमली. मास्तरांनी विचारलं, काय काय बघितलंत तिकडे? राजवाडा बघितला का?

"नातीचं तोंड बघितलं," आई म्हणाली. लहुराबीरचा पानवालाही आला होता, मिठाईचा पुडा घेऊन, जणू यानंच आईला पाठवलं होतं. मी तो पुडा ओटीवरूनच परत केला. आई माझ्यावर रागवली नाही, एरवी रागवली असती.

मग कार्तिक आला. पंचगंगेवर कार्तिकस्नानाची गर्दी सुरू झाली, उंच बांबूंवर आकाशदिवे चढले. गुरुजींनी संकल्पासाठी दिवस काढला आणि निरोप पाठवला. मी शाळेतून रजा घेतली, आईचं लुगडं धुऊन वाळत घातलं. त्या सकाळी अंघोळ करून आई पायऱ्यांवर बसली. गुरुजी म्हणाले, "चला आई, हातात पाणी घ्या."

आईनं हात पुढे केला नाही.

"मी नाही घेणार संकल्प," ती म्हणाली.

गुरुजींना वाटलं तब्येत बरी नाही. मला वाटलं ताईकडे पुन्हा जायचंय. आईनं गंगेकडे बघत सांगितलं, "मी तिथे सांगून आले, की मी हे मानत नाही. आता इथे हातात पाणी घेऊन कोणत्या तोंडानं म्हणू, की मानते?"

"अगं आई," मी म्हटलं, "ते त्या काचेमागच्या माणसाला सांगितलंस. व्हिसासाठी. विश्वनाथाला थोडंच सांगितलंस?"

"तो तिथे नव्हता का?" तिनं विचारलं.

गुरुजी भले माणूस. म्हणाले, आई, त्याला प्रायश्चित्त आहे, अगदी साधं आहे, मी आत्ताच करवून घेतो, मनाला लावून घेऊ नका. आई त्यांच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. उलट ती इतकी स्वस्थ होती, की मलाच रडू फुटलं.

"गुरुजी, प्रायश्चित्त चूक केली असं वाटलं तर करायचं ना?" ती म्हणाली. "मला तसं वाटतच नाही. उद्या पोरीनं पुन्हा हाक मारली आणि त्यानं पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा तेच सांगेन. मग खोटं पाणी कशाला सोडायला लावता?"

गुरुजींनी आपली पळी-पंचपात्री आवरली. दोन पायऱ्या वर एक गोरी बाई कॅमेरा लावून बसली होती, तिनं खटाखट फोटो काढले. मी तिच्याकडे गेले आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीत तिला जे बोलायचं ते सगळं बोलले. ती सॉरी सॉरी म्हणत राहिली. ते फोटो कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी वहीत अजून असतील. खाली काय लिहिलं असेल देव जाणे. काशी, सकाळी पूजा करताना एक म्हातारी.

आईनं माझा हात धरून मला खाली ओढलं. "चल, सोड तिला," म्हणाली. "नाव ठरव, मावशीकडे जाऊ."

आम्ही पलीकडे गेलो. दुपारभर दोघी बहिणींनी गप्पा मारल्या, नातीचे फोटो पुन्हापुन्हा बघितले. ऊन उतरायला लागलं तशी मी सवयीनं उठले, चपला घातल्या आणि आईला म्हटलं, चल, दिवस मावळतोय. मावशीनंही तिची पिशवी पुढे आणून ठेवली.

आई उठली नाही. तिनं मावशीला विचारलं, "तुझ्याकडे जास्तीचं अंथरूण आहे का गं?"